एमाच्या बाईसाहेब

नेट्टी रीकर्क गोरी जन्मली, इथूनच सगळं बिघडलं. हेगमधल्या आम्हा इंडो लोकांत, म्हणजे अर्धं डच आणि अर्धं जावाचं रक्त असलेल्यांत, मूल जन्मलं की आधी रंग बघतात, मुलगा की मुलगी ते मागाहून. नेट्टी बापावर गेली. आई एमा चांगलीच सावळी, आणि पोरीच्या रंगाचं कौतुक तिलाच सगळ्यात जास्त. जावाहून जहाजाने हॉलंडला आल्यावरही ती नेट्टीला छत्रीशिवाय बाहेर सोडत नसे. हॉलंडच्या उन्हाने कुणी काळं पडल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. नेट्टीच्या डच मैत्रिणी घरी आल्या की एमा आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. "मी कशाला मध्ये मध्ये करू? तुझं बरं चाललंय ना!" पोरगी हे बघतच मोठी झाली.

गळा मात्र आईचा होता. समुद्रकाठच्या नाचघरात गाताना रेकॉर्ड कंपनीच्या एका साहेबाने तिला ऐकलं, तिचे केस सोनेरी रंगवून घेतले, कमरेला लुंगीसारखं जावाचं सारोंग गुंडाळलं. "थोडी तिकडची दिस," तो म्हणाला, "पण फार नको." चांदणं आणि नारळाच्या झाडांचं ते गाणं देशभर वाजलं. मग मुलाखत घ्यायला मासिकाची माणसं घरी आली.

एमा घरच्या केबायातच, म्हणजे जावाच्या बायका घालतात त्या झग्यातच, केक घेऊन बाहेर आली. पत्रकार खूश झाला. "वा, तिकडची मोलकरीण सोबत आणलीत वाटतं?"

नेट्टीने शेजारी बसलेल्या साहेबाकडे पाहिलं. "हो. लहानपणापासून आहे आमच्याकडे."

एमाने ताटली खाली ठेवली. "आणखी काही हवंय, बाईसाहेब?"

आईने वेळ मारून नेली, असंच नेट्टीला वाटलं. पाहुणे जाताच ती स्वयंपाकघरात धावली. "आई, किती छान सांभाळून घेतलंस गं!"

"असं काय बोलताय, बाईसाहेब," एमा बशा विसळत म्हणाली.

मुलाखत फोटोसकट छापून आली. रविवारी सगळा गोतावळा जेवायला जमला, तेव्हा लीन मावशीने भाताचं पातेलं खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "काय गं एमा, आज सुट्टी दिली वाटतं मालकिणीने?"

"पगार वाढवून माग, गाणं जोरात चाललंय तिचं!" दुसरी म्हणाली. बायका हसून हसून लोळल्या. आमच्या बायकांच्या जिभेला हाड नाही. एमाही हसली, आणि त्या दिवसापासून तिने लेकीला नावाने हाक मारली नाही.

पुढे गिटारवाली पोरं आली आणि नारळाची झाडं कुणाला नकोशी झाली. नेट्टी फर्निचरच्या दुकानांच्या उद्घाटनांना गायली, मग आमच्या जत्रेत, निखाऱ्यावर भाजायच्या सातेच्या, मांसाच्या काड्यांच्या, धुरात खोकत. लग्न केलं, तेही गाण्याइतकंच टिकलं. शेवटी ती आईकडे राहायला आली. एमाने तिला मोठी खोली दिली, टेबलावर तिच्या एकटीचं पान वाढलं, आणि स्वतः ओट्यापाशी उभ्याने जेवू लागली. नेट्टी आपली बशी घेऊन तिथे गेली.

"बाईसाहेब, कामवालीबरोबर जेवलात तर लोक काय म्हणतील?"

"मार मला, आई. शिव्या घाल. पण एकदा नेट्टी म्हण."

"मालकिणीला कुणी शिव्या देतं का?" एमा म्हणाली आणि तिला आणखी भात वाढला.

एवढंच हवं होतं नेट्टीला. टाळ्या नकोत, रेकॉर्ड नकोत, आईच्या तोंडून आपलं नाव. वर्षानुवर्षं ती त्या बाईचे पाय चेपत राहिली. एमा पाय चेपू द्यायची आणि वर "देव तुमचं भलं करो" म्हणायची.

एमाला दवाखान्यात हलवलं, तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती. भेटीची वेळ संपल्यावर नर्स आली. सोनेरी केसांच्या गोऱ्या बाईकडे तिने पाहिलं, पलंगावरच्या सावळ्या म्हातारीकडे पाहिलं. "आता फक्त घरच्यांनाच थांबता येईल हं. आपण कोण यांच्या?"

एमा टक्क जागी होती.

"मी मुलगी आहे तिची," नेट्टी म्हणाली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

एमाने मान किंचित वळवली आणि नर्सकडे बघून स्वच्छ डचमध्ये म्हणाली, "बाईसाहेबांचं मन फार मोठं. नोकराचाकरांशीसुद्धा असंच बोलतात."

नर्सला गहिवरून आलं. तिने नेट्टीचा कोट आणून दिला आणि तिला दारापर्यंत सोडायला गेली.