पाहुण्यांचा ओटा

बमरोलीतलं आमचं घर मी बांधलं ते मायच्या गुडघ्यांसाठी. मोठी वास्तुरचना वगैरे काही नाही. दोन खोल्या आणि खिडकीशी खुर्चीएवढ्या उंचीचा लांब ओटा. माय जन्मभर जमिनीवर मांडी घालून साड्यांवर खडे चिकटवत आली. आता तिनं पाय खाली सोडून बसावं, खिडकीचा उजेड हातावर पडावा, एवढाच विचार. खडे घरंगळू नयेत म्हणून ओट्याला बोटभर उंच काठ ठेवला. खरं सांगू? आर्किटेक्ट म्हणून मला तो काठच काय तो नीट जमला.

वास्तुकलेच्या एका ऑनलाइन मासिकाला कमी खर्चातली घरं दाखवायची होती, त्यात आमचं निवडलं. मी मायला बजावलं, "काही आवरू नकोस. रोजच्यासारखी कामाला बस." ती हो हो म्हणाली. मी फोटोग्राफरला आणायला उधना स्टेशनवर गेले आणि परत येऊन बघते तर काय! साड्यांचे गठ्ठे, गोंद, खड्यांच्या थाळ्या, सगळं शेजारच्या काकूंकडे रवाना. ओट्यावर ठेवणीतली चादर, वर प्लॅस्टिकची फुलं, आणि माय लग्नकार्यात नेसायची साडी नेसून दारात उभी.

"माय, हे काय करून ठेवलंस!"

"लोके काय म्हनतीन?" ती अहिराणीत कुजबुजली. "पोर इतली शिकनी नि माय खडा चिकटाडस?"

परक्या माणसासमोर भांडायचं तरी कसं? फोटोग्राफरनं चादर आणि फुलं काढायला लावली, मग मायलाही जरा बाजूला व्हायला सांगितलं. मोकळ्या ओट्याचे फोटो काढून तो निघून गेला.

मासिकात जे आलं ते वाचून माझं डोकंच फिरलं. ओटा म्हणे पाहुण्यांसाठीची निवांत बैठक! आणि काठाला म्हणे 'रेषेची शिस्त'. अहो, कसली डोंबलाची शिस्त, खडे पडू नयेत म्हणून आहे तो! मी तसं लिहूनही पाठवलं होतं. तडक संपादकबाईंना फोन लावला.

"मॅडम, ती माझ्या आईची कामाची जागा आहे. तेवढी एक ओळ बदला."

"घरात काम बघायला वाचकांना आवडत नाही हो," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आणि बैठक म्हणून किती छान दिसतंय!"

मी फोन आपटला. माय मात्र हरखून गेली होती. मोबाईल घेऊन सगळी गल्ली पालथी घातली तिनं, काकूंना तर दोनदा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले. ओटा लख्ख पुसलेला, त्यावर तीच ठेवणीतली चादर. आणि माय खाली फरशीवर मांडी घालून, साडी पसरून खडे चिकटवत बसलेली.

"वर का नाही बसलीस?"

"तठे नको. पाहुना येतीन. मोबाईलमा तसं लिखेल शे ना."

"अगं, खोटं आहे ते! तुझ्यासाठी बांधलाय मी तो!" मी अक्षरशः किंचाळले. रडूच यायला लागलं मला.

माझा आवाज ऐकून ती मला पाणी आणायला उठू लागली. ओट्याचा काठ धरला, गुडघा कटकन वाजला, तोंड वाकडं झालं. मग चादरीची सुरकुती हातानं सारखी करत म्हणाली, "थकी उनी व्हशी. तू बस ना वर."