रिळांच्या खात्यातली कपात

मंडळी, आज परळला आमच्या गिरणीत रिळांच्या खात्यातल्या निम्म्या बायका कमी केल्या. मुकादम आपल्या नात्यातल्या तेवढ्या ठेवत होता. माझं डोकं फिरलं. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला मी साधा कारकून, थेट साहेबाशी भांडलो, "जिच्या घरी कमावता पुरुष नाही, तिला ठेवा."

साहेबाने मानलं. बाकीच्या बायका फाटकाबाहेर बसून राहिल्या.

विधवा यशोदा मात्र वाचली. तिच्याशी पाट लावायचं वर्षभर माझ्या मनात आहे. धावत सांगायला गेलो.

ती म्हणाली, "नियम तुमीच केलात ना? आता तुमच्याशी पाट लावला तर माजी रोजी जाईल. उद्या असंच भांडून तुमची गेली, तर पोराला काय घालू?"

मंडळी, माझा नियम चुकला का?