कापलेली हिरवी तार

लीलाधरकाकांचा राग आरडाओरड्याचा नव्हता. राग आला की ते हातातलं काम खाली ठेवत आणि चष्मा पुसत. त्या दुपारी त्यांनी तो चार वेळा पुसला.

बुऱ्हाणपुरात, यंत्रमागांच्या खडखडाटाला चिकटून, त्यांचं दुरुस्तीचं दुकान सत्तेचाळीस वर्षं चाललं होतं. आधी व्हॉल्व्हचे रेडिओ, मग टॉकीजचे अॅम्प्लिफायर. आता काचेचा व्हॉल्व्ह ओळखणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच. म्हणून योगेंद्र आणि त्याची बहीण मोनाली गिटारचा व्हॉल्व्हवाला अॅम्प घेऊन आले, तेव्हा काका मनातून खूश झाले. मोनाली गिटार वाजवत गायची. संध्याकाळी तुकईथडला कार्यक्रम होता.

“काका, मधेच चरचर करतो,” योगेंद्र म्हणाला. “बाकी मस्त आहे. बाहेरच्या एका मिस्त्रीकडून मॉडिफाय केलाय. कार्यक्रमाच्या साउंड मिक्सरला तार जोडायचं जास्तीचं सॉकेट बसवलं त्यानं.”

काकांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेका व्हॉल्व्हला हळूच टिचकी मारली. आवाज साफ. पहिला व्हॉल्व्ह काढला, तरी चरचर होतीच. मग त्यांनी ते नवं सॉकेट बोटानं हलवलं आणि स्पीकर फुटाण्यासारखा तडतडला.

“सॉकेट ढिलं आहे. तार इथे निसटते.”

“तरीच,” मोनाली हसली. “चरचर झाली की माईक चावतो. ओठांना लाल मुंग्या डसल्यासारखं होतं. दादा म्हणतो, तुला सूर लागला.”

काकांनी चष्मा पुसला. अॅम्पची मागची पाटी उघडली. प्लगाकडून आलेली अर्थिंगची हिरवी तार आत कापलेली होती आणि तिच्या टोकाला काळी टेप नीट गुंडाळलेली होती.

“हे कोणी केलं?”

“त्या मिस्त्रीनंच. मिक्सरला जोडलं की गुणगुण यायची ना, तो तिला ‘हम’ म्हणतो.”

“त्याला फोन लाव.”

मिस्त्री पलीकडून अगदी गोड बोलला. “क्यों चाचा, हम तो चला गया था ना?”

“हम गया था,” काका म्हणाले, “लडकी भी जाती.” आणि त्यांनी फोन योगेंद्रच्या हातात दिला.

मग त्यांनी दोघांना समोर बसवलं. “अॅम्पमधून गळणारी वीज हिरव्या तारेनं जमिनीत जायची. ती वाट बंद केली. उरली ती मिक्सरकडे जाणारी नखाएवढी तार. ती निसटली की वीज गिटारच्या तारांत येते. हिचा हात तारांवर, ओठ माईकवर. मधे कोण? पोरगी! आज नुसत्या मुंग्या, उद्या आतलं काही जळालं तर?”

मोनालीचं हसू गेलं. योगेंद्र मात्र घड्याळ बघत होता. “काका, आज फक्त सॉकेट घट्ट करी द्या ना. हिरवी तार उद्या पाहू. आता जोडली तर पुन्हा गुणगुण येईल.”

“दादा,” मोनाली म्हणाली, “मग आज माईकला ओठ तू लाव. मी खाली बसून ऐकते.”

काकांनी हिरवी तार खरवडून अॅम्पच्या लोखंडी सांगाड्याला, चेसिसला, बोल्टनं आवळली. नवं सॉकेट मुळासकट काढून टाकलं. “याला मिक्सरची तार लागतेच कशाला? स्पीकरसमोर एक माईक ठेवा. हिरवी आणि मिक्सरची, या दोन तारांच्या झगड्यानंच गुणगुण यायची; तो झगडाच संपला.”

“एवढंच?” योगेंद्रनं विचारलं.

“एवढंच! एवढं त्याला कळत नव्हतं असं नाही. करायचा कंटाळा!”

दुकानातला जुना माईक तिथल्याच एका मिक्सरला लावून, गिटारच्या तारा आणि माईकची जाळी यांच्यामध्ये काकांनी मीटर धरला. काटा जागचा हलला नाही. मोनालीनं एक सूर छेडला. मागे बारीक गुणगुण होती, कान दिला तर ऐकू येईल इतकीच.

“थोडी राहिली,” योगेंद्र पुटपुटला.

“जुन्या व्हॉल्व्हची आहे. राहू दे. आणि मोनाली, तिथे कार्यक्रमाच्या जागी प्लगच्या बोर्डावर आधी मीटर लावायला सांग. तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग असतं असं नाही. त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर नाही वाजवणार,” ती म्हणाली, आणि अॅम्पची एक कडी तिनं स्वतः उचलली.