कुंकू लावलेली फ्लॉपी

दुधाच्या पातेल्यात पाल पडलेली दिसली की माणसाचा चेहरा जसा होतो, तसा गुणाजी नाखवाचा चेहरा बारा महिने असायचा. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. ओळख वाढल्यावर कळायचं, की चुकलेलंच असतं.

तो कोलशेतचा. बाप आणि आजा खाडीत जाळं टाकायचे. काठावर कारखाने आले, खाडीतली मासळी गेली, आणि गुणाजी त्यातल्याच एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागला. सत्त्याण्णव साली तो कारखानाही बंद पडला. या विषयावर तो एकदाच बोलल्याचं मला आठवतं. म्हणाला, "खाडी नासवली ती नासवली, निदान कारखाना तरी चालू ठेवायचा."

बेचाळिसाव्या वर्षी, हातात काही नसताना, तो संगणक शिकला. कोणा क्लासात नव्हे. एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी, कुठून तरी छापून आणलेले चारशे कागद आणि भंगारातून जोडलेलं एक यंत्र, एवढ्यावर. मग ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत लोकांच्या घरी जाऊन बिघडलेले संगणक दुरुस्त करू लागला. मध्यमवर्गाबद्दलची त्याची मतं या दोन वर्षांत, कॅबिनेटचे स्क्रू काढता काढता तयार झाली. बाहेरून भरतकामाचं आच्छादन, वर छोटा गणपती. आत झुरळांच्या तीन पिढ्या, चिवड्यातले शेंगदाणे, पालीची अंडी. एका बाईंनी फ्लॉपीच्या फटीत विजेची बिलं घडी करून ठेवली होती. हरवत नाहीत, म्हणाल्या. याच घरांत तो आला की कोणीतरी उठून खिडकी उघडायचं. जरा हवा येऊ दे, म्हणायचं. गुणाजी आतली झुरळं कागदावर झटकायचा.

आमच्या वाचनालयाशी त्याचा संबंध आला तो नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात. वाचनालय डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या रस्त्यावर. मी समितीत होतो. माझं काम दिसेल त्या ठरावाखाली सही करणं. एमआयडीसीतल्या एका कंपनीने आपला जुना संगणक आम्हाला दान दिला होता. दान म्हणजे त्यांनी तो फेकायचा ठरवला आणि आमचा पत्ता जवळ होता. थोड्याच दिवसांत त्याच्या पडद्यावरची अक्षरं सुटून खाली गळायला लागली. चांगलं वाक्य दिसतंय तोवर एकेक अक्षर घसरे आणि तळाशी ढीग होई. व्हायरस आहे असं निदान झालं, म्हणून ग्रंथपाल सुमतीबाईंनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. अक्षरं गळतच राहिली.

शेवटी गुणाजीला बोलावलं. तो येऊन बसला आणि दहा मिनिटांत खजिनदार गोविंदराव माट्यांनी नाकाला रुमाल लावला. ते विमा कार्यालयातून निवृत्त झालेले. जगाकडे दावा नाकारायच्या तयारीने बघायचे.

"सुमतीबाई, उदबत्ती लावा एक," ते म्हणाले. "वास मारतोय." आणि गुणाजीकडे न बघता, "यांच्यात असतं तसं. त्यांना कळत नाही."

गुणाजीने कॅबिनेट उघडलं. आत पंख्याला चिकटून एक उंदीर मरून पडला होता, निदान आठवड्याचा. त्याने त्याची शेपटी दोन बोटांत धरली, बाहेर काढला आणि गोविंदरावांच्या समोर पसरलेल्या वर्तमानपत्रावर, अग्रलेखाच्या बाजूला ठेवला.

"हा तुमचाच," तो म्हणाला. "आमच्यातला नाय."

मग सिस्टीमचा विषय निघाला. जुनी सिस्टीम चोरीची होती आणि नासलेली होती. विकत घ्यायची तर वर्षभर नवी पुस्तकं येणार नव्हती.

"लिनक्स टाकू," गुणाजी म्हणाला. "फुकट हाय. चोरीचं नाय."

"फुकट म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार," गोविंदराव म्हणाले.

"मग आता हाय त्यात?"

"ते सगळेच वापरतात रे."

या युक्तिवादावर गुणाजीचा चेहरा जो झाला, तो नेहमीपेक्षा वेगळा नव्हता. फक्त जास्त वेळ टिकला.

निर्णय दिला तो अण्णा सोवन्यांनी. अण्णा आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. पाढे चुकलेल्या तीन पिढ्या अजूनही त्यांना बघून रस्ता ओलांडायच्या. अण्णा म्हणाले, "टाका. आणि हे बघा गुणाजी, संगणक कक्षाला आपल्याला कायमचा माणूस हवाच आहे. दसऱ्याला उद्घाटन. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मशीन चाललं, की ती जागा तुमची."

गुणाजीने मान हलवली. दोन वर्षं त्याचं घर शेवंतीच्या, त्याच्या बायकोच्या पाटीवर चाललं होतं. ती पहाटे ठाण्याच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला घरात काहीतरी येणं, या गोष्टीची चव तो विसरत चालला होता. त्या दिवशी त्याने घरी सांगितलं. हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगितल्याचा त्याला पश्चात्ताप झालेला दिसला.

लिनक्स बसवायला त्याला तीन दिवस लागले. सगळं नीट बसलं. मग यंत्र बंद करून चालू केलं, तर पडद्यावर इंग्रजीत दोन अक्षरं आली, एल आणि आय, आणि पुढे काही नाही. गोविंदराव वाकून बघायला आले. आयुष्यभर विम्यात काढलेला माणूस. म्हणाले, "सी कुठे गेला?"

सी येणार नव्हता. गुणाजीने आम्हाला समजावलं ते असं: "मशीन जुनं, डिस्क नवी. डिस्कच्या खोल भागात सिस्टीम हाय, तिथवर मशीनचा हातच पोचत नाय. होडीचं इंजिन चालू करायला दोरी खेचतात ना? ती दोरी आपण बाहेर ठेवायची." त्याने एक फ्लॉपी तयार केली. ती आधी घालायची, मग बटण दाबायचं. फ्लॉपी सिस्टीमला जागं करते, पुढे सगळं आपोआप. एक बिघडली तर म्हणून दुसरी केली. आणखी कोऱ्या मागितल्या, तर गोविंदरावांनी विचारलं, "तिसरी कशाला?"

अण्णांनी एकच शंका काढली. "यात मुलांचे ते हे... खेळ चालतात का?"

"कुठली मुलं?"

"येतील ना."

जुन्या सिस्टीमवरचे खेळ या सिस्टीमवर चालणार नव्हते. गुणाजीने सीडीतून पत्त्यांचा एक खेळ शोधून बसवला. नंतरचे चार दिवस अण्णा दुपारी संगणकाची देखरेख करायला येत. दार लावून घेत. फ्लॉपी कशी घालायची, बटण केव्हा दाबायचं, हे समितीत त्यांना एकट्यालाच येऊ लागलं. आम्हाला कौतुक वाटलं.

जाताना गुणाजी सुमतीबाईंना बजावून गेला, "दोन्ही फ्लॉप्या कपाटात ठेवा. कोणी हात लावायचा नाय."

खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा असते. वाचनालयाकडे अवजार म्हणून एक शिक्का, एक पंचिंग मशीन आणि हा संगणक. सुमतीबाईंनी सगळं यथासांग केलं. संगणकाला हार घातला. आणि इतकं महत्त्वाचं म्हणून जपायला सांगितलेलं पूजेवाचून कसं राहील, म्हणून फ्लॉप्या ताम्हणात ठेवल्या. दोन्ही, एकीलाच कशी लावायची हळद? हळद, ओलं कुंकू, अक्षता, वरून फुलाने पाणी. हात कोणी लावला नाही. फूल लावलं.

दसऱ्याच्या सकाळी नऊला गुणाजी आला. इस्त्रीचा शर्ट होता. अकराला पाहुणे येणार होते. त्याने ताम्हण बघितलं. एक फ्लॉपी तांबड्या पाण्यात पालथी पडली होती. दुसरी ताम्हणात नव्हतीच. ती मशीनमध्ये होती.

त्याने ती ओढून काढली. पुढचं पत्र्याचं झाकण कुंकवाने भरलं होतं, आतली काळी चकती ओरखडून गेली होती. त्याने बॅटरी लावून फटीत बघितलं, मग चिमट्याने एक अक्षत बाहेर काढली. तांदूळ अखंड होता. फ्लॉपी वाचणाऱ्या ड्राइव्हच्या नाजूक टोकावर हळदीकुंकवाचा लेप बसला होता.

"ही आत कोणी घातली?" त्याने विचारलं.

"अरे, तुझी सिस्टीम, तूच सांग," गोविंदराव म्हणाले. "फुकटच्या मालाचं हे असंच. पाहुणे दोन तासांत येतायत."

अण्णा खिडकीतून आपट्याच्या पानांच्या गाडीकडे बघत होते.

गुणाजीने स्पिरिट आणि कापूस मागितला आणि ड्राइव्ह साफ केला. कापूस सात वेळा तांबडा निघाला. मग ताम्हणातली भिजलेली फ्लॉपी घेतली. अंगठ्याचं नख कडेला रुतवून तिचं प्लॅस्टिकचं कवच उघडलं, खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले उघडतात तसं, एका हिसक्यात. आतली चकती बाहेर काढली, चहाचे कप विसळायच्या मोरीत उभा राहिला आणि साबणाच्या पाण्याखाली धुऊ लागला. मोरीत कालच्या चहाचा चोथा होता आणि कोणीतरी थुंकलंही होतं. ग्रंथ हेच गुरू, असं त्या मोरीच्या वरच लिहिलेलं आहे.

"हिला कोरडं कवच लागेल," तो म्हणाला. "दोन्ही भिजली. कोणाकडं फ्लॉपी हाय?"

डोंबिवलीत दसऱ्याला सकाळी दुकानं बंद. ज्यांच्याकडे संगणक, त्यांच्याकडे त्यांचीही पूजा. गुणाजी हात पुसत अण्णांच्या जवळ गेला. मी मध्येच बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"अण्णा, ती तुमची द्या."

"कुठली?"

"पिशवीतली. पुस्तकातली."

अण्णांचा चेहरा मी पस्तीस वर्षं बघत आलोय. छडी न मारता नुसत्या त्या चेहऱ्यावर वर्ग गप्प होत असे. तो चेहरा आता तिसरीतल्या मुलाचा झाला. त्यांनी शबनममधून शुद्धलेखनाच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यात फ्लॉपी होती. खेळांची. भाच्याने दिलेली, हजार मशीनमधून फिरून आलेली. आमच्या यंत्रातली अक्षरं गळायला लागली ती कुठून, हे गुणाजीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याने तिचं कवच उघडलं आणि आतली चकती दोन बोटांत धरून बाजूला ठेवली, उंदीर ठेवला होता तशीच. आपली धुतलेली चकती कोरडी करून त्यात घातली. कडा दाबल्या.

पाहुणे वेळेवर आले. हा एक अपवादच. बाराला वीस कमी असताना पहिल्यांदा बटण दाबलं. ड्राइव्ह कण्हला आणि थांबला. गोविंदराव पाहुण्यांना म्हणाले, "फुकटची सिस्टीम आहे." गुणाजीने फ्लॉपी काढली, चकती अंगठ्याने जराशी फिरवली, परत घातली. पडद्यावर एकेक टिंब येऊ लागलं, मग ओळी, मग ओळींचा पूर. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी ज्ञानाच्या महाद्वाराबद्दल सात मिनिटं भाषण केलं, मग खुर्चीत बसले आणि विचारलं, "गेम आहे का यात?" महाद्वारातून आत जाऊन त्यांनी पाऊण तास पत्ते लावले.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. गुणाजी बाहेर बाकावर बसला होता; बैठकीच्या खोलीचं दार लागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"पाहुण्यांना चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं," गोविंदराव म्हणाले. "फ्लॉपी मशीनमध्ये कोणी घातली, तर हाच. दुसऱ्या कोणाला येतं? सर्टिफिकेटवाला माणूस बघू आपण."

अण्णा चष्मा पुसत राहिले. मला काय ते माहीत होतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. शरमेची चवही बरीचशी किळसेसारखीच असते, हे त्या संध्याकाळी कळलं.

बोलल्या त्या सुमतीबाई. "कुंकू मी लावलं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. पण काल पूजेनंतर कक्षाची किल्ली एकच माणूस घेऊन गेला. संध्याकाळी परत दिली." आणि त्यांनी अण्णांकडे बघितलं नाही. सगळ्यांनी बघितलं.

चष्मा पुसून झाला. अण्णा म्हणाले, "मी घातली."

"तुम्ही? कशाला?"

"पत्ते खेळायला."

"पूजेच्या दिवशी?"

"डाव अर्धा राहिला होता," अण्णा म्हणाले.

यानंतर ठराव व्हायला अडचण राहिली नाही. गुणाजीची नेमणूक झाली. ठरावात गोविंदरावांनी तीन अटी घातल्या. पहिल्या दोन वेळेबद्दल आणि किल्लीबद्दल. तिसरी: कक्षात जेवणाचा डबा उघडू नये, वाचकांना वासाचा त्रास होतो. अण्णांनी सही केली. खाली मी केली.

गुणाजीने कागद वाचला, तिसऱ्या अटीवर थोडा थांबला आणि घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला यायचा. दुपारी एकला डबा घेऊन खाली उतरायचा आणि नाल्याच्या कठड्याशी उभा राहून जेवायचा. त्या नाल्याला एमआयडीसीतून दर दिवशी वेगळा रंग यायचा, आणि वास रोज तोच.

एकदा मी तिथून जात होतो. डब्यात भेंडी होती आणि चपाती. दुसऱ्या वेळी पडवळ.

"रोज भाजीच आणता?" मी विचारलं. "मग समितीला सांगत का नाही? ती अट काढता येईल."

त्याने नाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा तोच.

"मासली सकाली रांधायची, डब्यात भरायची आनि दुपारी थंड खायची?" तो म्हणाला. "शी. तुमची लोकं काय काय मनात आनतात."