माझ्या बायकोची आवडती लेखिका

माझी बायको ज्या लेखिकेची चाहती होती, ती लेखिका मी होतो. पाच वर्षं आणि चार पुस्तकं एवढा काळ मी हे तिच्यापासून लपवलं. एका दमात लिहून टाकतो आहे, कारण थांबलो तर पुन्हा काहीतरी सबब सांगत बसेन.

चारही पुस्तकांत एकच बाई आहे. हाउसिंग सोसायटीत राहणारी, पोलिसांशी काडीचा संबंध नसलेली आणि शेजारपाजारच्या भानगडींचा छडा लावणारी. खून-बिन नाही. हसत हसत वाचायची रहस्यं. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव आहे आणि त्या नावामागे मी आहे, नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणारा, पन्नाशीचा, टक्कल पडत चाललेला गृहस्थ. पुस्तकांत माझे फक्त शब्द होते. बाकी सगळं बायकोचं होतं.

ती मूळची नामपूरची, कांद्याच्या मुलखातली. तिला दिसतं ते इतरांना दिसत नाही, एवढंच तिचं कसब. एका एप्रिलमध्ये आमच्या इमारतीच्या गच्चीवर बायकांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारी बघतात तर जुन्या साडीवरच्या दोन ओळी गायब. कोणी माकडांचं नाव घेतलं, कोणी कबुतरांचं, आणि मग नेहमीप्रमाणे वॉचमनचं. वॉचमन सुरगाण्याकडचा, साधा माणूस. "मी नाय ताई, मी वर गेलोच नाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

बायको वर गेली, साडीभोवती एक फेरी मारून आली आणि मला म्हणाली, "माकड उचललेला दगड परत जागेवर ठेवत नाही."

साडी उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवलेले दगड जिथल्या तिथे होते. शिवाय कुरडया एका कडेने, ओळीने गेल्या होत्या. म्हणजे खाणारा शिस्तीचा माणूस. आणि बाहेरून वाळलेली, आतून ओली कुरडई कोणाला सर्वांत जास्त खुणावेल? ज्याचं घरात मीठ बंद आहे त्याला. आमच्या चेअरमनकाकांचं रक्तदाबामुळे दोन महिने अळणी जेवण चाललं होतं. दुसऱ्या दिवशी बायको त्यांच्याकडे वाटी घेऊन गेली. "काका, या बिनमिठाच्या केल्यात तुमच्यासाठी. कालच्या जरा खारट होत्या, नाही का?" काका वाटीकडे बघत राहिले. सोसायटीत तिने सांगितलं की त्या दोन ओळी तिनेच काढून ठेवल्या होत्या आणि विसरली. वॉचमन सुटला, काकांची अब्रू राहिली, आणि बायका आठवडाभर हिलाच विसरभोळी म्हणत राहिल्या.

हे तिने मला संध्याकाळच्या चहाला सांगितलं तेव्हा मी एवढा हरखून गेलो की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या पार्किंगमध्ये जाऊन सगळं फोनमध्ये बोलून टाइप केलं. मोटारसायकलींच्या रांगेत उभा राहून मी फोनला सांगत होतो, "ती हळूच दाराशी आली, आणि म्हणाली..." मागून एका सहकाऱ्याचा आवाज आला, "साहेब, कोण आली? वहिनींना माहीत आहे ना?"

वहिनींना माहीत नव्हतं. खरी गोम तिथेच होती.

कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला. कथेतली बाई त्यांना फार आवडली होती, पण लिहिणाराही बाईच असेल तर वाचक जास्त जवळ करतील असं त्यांचं मत होतं. मी हो म्हणालो. इतक्या पटकन हो म्हणालो की त्याची मला अजून लाज वाटते. बायकोचं नाव घालता आलं असतं. ते मला सुचलंच नाही. मी एक नवंच नाव तयार केलं. पुढे एका प्रकाशकाने पुस्तकांची मालिका मागितली आणि ओळख पटू नये म्हणून मी प्रत्येक भानगडीतल्या वस्तू बदलल्या आणि गोष्टीतल्या बाईला साताऱ्याची निवृत्त मुख्याध्यापिका केलं. तिच्या नवऱ्याचं काय करावं ते मला समजेना, म्हणून पहिल्याच पानावर त्याला वारलेला दाखवला. माझ्या वाट्याच्या प्रती मी कारखान्यातल्या लॉकरमध्ये हेल्मेटमागे ठेवत असे.

पहिलं पुस्तक आमच्या घरी आलं ते वाचनालयातून, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या हातून. बायको गॅलरीत बसून वाचत होती आणि मी पेपर उघडा धरून तिच्याकडे बघत होतो. ती हसली! जिथे हसायला हवं तिथेच हसली. मला धावत जाऊन सगळ्या इमारतीला सांगावंसं वाटलं.

"अहो, अगदी आपल्या चेअरमनकाकांसारखं आहे हो एक पात्र. सगळीकडे असतोच वाटतं असा एक."

"असेल," मी म्हणालो. पेपर उलटा होता हे नंतर लक्षात आलं.

"बाई असून कसं लिहिते बघा. नाहीतर तुम्ही. साधा रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेता."

तिसरं पुस्तक वाचल्यावर तिने लेखिकेला पत्र लिहिलं आणि टाकायला माझ्याच हातात दिलं. प्रकाशकाचा पत्ता होता. मी ते इमानदारीने पोस्टात टाकलं आणि पंधरा दिवसांनी ते फिरून माझ्याकडे, कारखान्याच्या पत्त्यावर आलं. पार्किंगमध्ये उभ्यानेच वाचलं. तिने लिहिलं होतं, "बारीकसारीक गोष्टींत डोकं घालते म्हणून सगळे मला हसतात. तुमची बाई भेटल्यापासून मला माझं डोकं चांगलं वाटायला लागलं आहे." मला तिथेच रडू आलं. आणि तरी मी उत्तर लिहिलं नाही. अक्षर ओळखेल म्हणून. ती दोन महिने रोज जिन्याखालच्या टपालपेटीत डोकावायची आणि मी तिच्या मागून रिकाम्या हाताने जिना चढायचो.

मी कबूल करायला निघालोच नाही असं नाही. एका रविवारी मुद्दाम तिला मिसळ खायला घेऊन गेलो. मनात वाक्य पाठ केलं होतं. रस्सा आला, पापड आला, मी तोंड उघडलं आणि तीच म्हणाली, "मला वाटतं ती आजारी असेल. नाहीतर एवढी चांगली बाई उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही." मी पाव तोंडात कोंबला.

मग चौथं पुस्तक आलं. पन्नास पानं होतात न होतात तोच ती काकूंना म्हणाली, "काकू, ही लेखिका बाई नाहीच आहे. हा पुरुष आहे."

मी आत दाढी करत होतो. ब्लेड गालावर थांबलं.

"काहीतरीच काय," काकू म्हणाल्या.

"हे बघा. 'दार तीन मिलिमीटर उघडं होतं.' कोणती बाई दार मिलिमीटरात उघडते? बाई म्हणेल किलकिलं होतं."

"मुख्याध्यापिका होती ना ती. शिकलेली."

"शिकली म्हणून काय पोळी फूटपट्टीने लाटणार? आणि दुसरं. हिने पर्समध्ये हात घातला की किल्ली लगेच सापडते. एका झटक्यात. दर वेळी!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मग पुरुषच. आणि बायकोच्या पर्समध्ये कधी हात न घातलेला."

त्या दिवसापासून आमच्या घरात तपास सुरू झाला. बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहायला घेतलं. पुरुष. मापं घेण्याचं काम करणारा. पहिली शिफ्ट सुटल्यावर रस्त्यावर मोटारसायकलींचा लोंढा कसा निघतो हे पाहिलेला, म्हणजे साताऱ्याचा नव्हे, सातपूरचा. आणि खाली दोन रेघा मारून: ज्याच्या घरात एक हुशार बाई आहे असा.

"तुमच्या कारखान्यात लिहिणारं कोणी आहे का हो?" तिने एके दिवशी विचारलं.

"आमच्याकडे कोण लिहिणार!"

"शोधून काढते की नाही बघा."

काय सांगू, ते तीन आठवडे मी हवेत चालत होतो. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. ती माझ्या इतक्या जवळ येत होती! तिचं एकेक अनुमान ऐकलं की मला "बरोबर! बरोबर!" असं ओरडावंसं वाटायचं. कामावर मी केसाएवढ्या फरकासाठी माल नापास करणारा माणूस, आणि घरी यायला निघालो की मनात म्हणायचो, आज तरी मला पकड.

ती रविवारची दुपार होती. ती गॅलरीत वाचत होती, मी कपड्यांना इस्त्री करत होतो. ती एकदम मोठ्याने हसली. मग हसणं तुटलं.

"अहो. इकडे या."

मी इस्त्री बंद केली आणि गेलो.

तिने बोट ठेवून वाचलं, "'चोरीचा हार कांद्याच्या चाळीत सापडला. दिवाळीत भरलेल्या लाल कांद्याखाली तो सहा महिने सुखरूप होता.'" मग पुस्तक मिटलं. "लाल कांदा चाळीत सहा महिने?"

मी कठड्यावरचा टॉवेल घडी करायला घेतला.

ज्याला कांदा फक्त ताटात भेटतो त्याच्यासाठी सांगतो. लाल कांदा टिकत नाही. काढला की थेट बाजार समितीत. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात तो उन्हाळ कांदा. नामपूरला हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तिला बघायला गेलो तेव्हा मार्गशीर्ष होता, अंगणात लाल कांद्याचे ढीग आणि शेजारी रिकामी चाळ. हुशारी दाखवावी म्हणून मी सासऱ्यांना म्हणालो होतो, "हा यातच भरून ठेवा की, सहा महिने जाईल." सासऱ्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मेहुणा मला फोनवर हाक मारतो ती अशी, "काय दाजी, लाल कांदा टिकना का?"

"ही चूक करणारा माणूस," बायको म्हणाली, "मी आख्ख्या आयुष्यात एकच पाहिलाय."

"मीच," मी म्हणालो. "चारही पुस्तकं. पत्रही माझ्याकडेच आलं. लॉकरमध्ये आहे."

"माय वं!" रागावली की तिच्या तोंडी नामपूर येतं. "काब्र? का लपवलं? आणि मला विधवा करून टाकलं? पहिल्याच पानावर?"

"मला स्वतःचं काय करावं ते सुचेना."

"म्हणून मारून टाकलंत! मी चार पुस्तकं त्या मेलेल्या नवऱ्यासाठी हळहळतेय!"

आणि ती हसायला लागली. मीही हसलो. माझ्या छातीवरून पाच वर्षांचं ओझं उतरत होतं. मी भराभर सगळं बोलत सुटलो, संपादक, हेल्मेट, पार्किंग. हेही सांगितलं की प्रूफं आली तेव्हा लाल कांद्याच्या वाक्यावर माझं पेन थांबलं होतं. चूक मला दिसली होती आणि मी ती तशीच जाऊ दिली होती. ती ऐकत होती, डोळे चमकत होते, मध्येच म्हणाली, "किल्लीचं मी बरोबर ओळखलं ना?" "अगदी बरोबर," मी म्हणालो.

मग ती पुस्तकावरून हात फिरवत म्हणाली, "एक विचारू? संध्याकाळी चहाला बसलो की तुम्ही मला विचारता, आज काय झालं, पुढे काय झालं. मी मैत्रिणींना सांगायचे, आमचे हे सगळं ऐकून घेतात. ते माझ्यासाठी विचारत होता की पुस्तकासाठी?"

मी लगेच "तुझ्यासाठी" म्हणू शकलो असतो. तिने मान्यही केलं असतं.

"सुरुवातीला तुझ्यासाठी," मी म्हणालो. "नंतर नंतर दोन्ही. आणि काही वेळा फक्त पुस्तकासाठी."

"बाबा पडले तेव्हा."

तिला आठवत होतं. मला वाटलं होतं विसरली असेल. तिचे वडील नामपूरला खळ्यात घसरून पडले होते, ती दोन दिवस राहून परत आली होती आणि चहा गाळता गाळता मला सांगू लागली होती. तेव्हा तिसऱ्या पुस्तकाचा शेवट माझ्याकडे नव्हता. मी तिचं वाक्य तोडून विचारलं होतं, "ते आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची हवा कोण सोडत होतं, कळलं का गं?" आणि तिने डोळे पुसून मला ते सांगितलं होतं. सगळं, नीट क्रमाने. गाडीच्या जागी दुसरी वस्तू घालून ते त्याच क्रमाने पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. लोकांना तेच प्रकरण सर्वांत जास्त आवडलं.

"तेव्हा," मी म्हणालो. "हो. तेव्हा फक्त पुस्तकासाठी."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"बरं झालं खोटं नाही बोललात. कळलं असतं मला."

"माहीत आहे."

"पुढच्या पुस्तकावर माझं नाव. आणि नवरा जिवंत."

"हो."

"बावळट असला तरी चालेल."

"हो."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. मनात एक विलक्षण उत्साह होता, जणू आत्ताच तिला बघायला आलो होतो. मी विचारलं, "बाबा पडले तेव्हा काय झालं होतं?"

तिने सांगायला सुरुवात केली. खळं ओलं कसं होतं, त्यांनी आधी कोणाला हाक मारली, दवाखान्यात नेताना जीपमध्ये ते तिला काय म्हणाले. ते मी इथे लिहीत नाही. मध्येच ती एकदा थांबली आणि तिने माझ्या हातांकडे बघितलं, फोन-बिन आहे का म्हणून. दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. मग ती पुढचं सांगू लागली.