चार गावांचे आप्पा

कृष्णेच्या अलीकडे-पलीकडे मिळून जेवढ्या स्वयंपाकघरांत गोंधळ उडाला असेल, त्यातला निम्मा तरी माझ्या वडिलांच्या मावसभावाने उडवलेला होता. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. निपाणीला तंबाखूच्या वखारीत ते कारकून होते. जन्म निपाणीचाच, पण लहानपण वेंगुर्ल्याच्या मावशीकडे, चिकोडीजवळच्या कानडी बोलणाऱ्या आत्याकडे आणि पुण्याच्या चुलत्यांकडे असं वाटून गेलेलं. त्यामुळे एकेका पदार्थाची तीन-चार नावं त्यांच्या जिभेवर असायची, आणि ज्या गावात बसलेले असतील तिथलं सोडून भलतंच नाव आधी बाहेर पडायचं. दोडक्याला वेंगुर्ल्याकडे शिराळं म्हणतात. एकदा बेळगावच्या खडेबाजारात दोडक्यांच्या ढिगासमोर उभं राहून त्यांनी शिराळी मागितली. भाजीवाली न्हाय म्हणाली, तसे ते रिकामी पिशवी घेऊन परत आले आणि यंदा शिराळ्याचं पीक बुडालेलं दिसतंय, असं आम्हालाच सांगू लागले.

कैरीच्या लोणच्याला कानडीत उप्पिनकाई म्हणतात, एवढीच खरी गोष्ट. पण आप्पांच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. भाताबरोबर ते लोणचं मागायचे आणि भाकरीबरोबर उप्पिनकाई. वर लोणचं जरा कच्चं राहिलंय, उप्पिनकाई मात्र झकास मुरलीय, असा निवाडाही द्यायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, दोन्ही एकाच बरणीतून वाढायच्या. शेवटी एकदा कंटाळून त्यांनी ती बरणीच आप्पांसमोर आणून ठेवली. आप्पांनी आत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, "मग दुसरी कुठं ठेवलीस?"

आमच्या भागात रोजची ती चपाती, आणि पोळी म्हणजे पुरणाची. पुण्यात मात्र चपातीलाच पोळी म्हणतात. आप्पांची सून खानापूरकडची. ती नवी असताना एकदा आप्पा वखारीतून आल्या आल्या म्हणाले, पटकन दोन पोळ्या टाक. बिचारीने हरभऱ्याची डाळ शिजत घातली. पुरण वाटून पोळी ताटात येईतो दिवेलागण झाली. आप्पांनी मुकाट्याने जेवून आज सण कुठला म्हणून चौकशी केली, आणि सण नव्हता तर मामंजींनी पोळ्या मागितल्या कशाला, हे कोडं त्या पोरीला पुढे बरेच दिवस सुटलं नाही.

हे सगळं आम्हाला करमणुकीचं वाटायचं. पण माझ्या धाकट्या बहिणीला, सुशीलेला, पाहायला पुण्याची मंडळी बेळगावजवळच्या मच्छ्याला आमच्या घरी आली, तेव्हा कुणाला हसू सुचेना. लढाईचे दिवस होते. मुलगा चांगल्या नोकरीत होता आणि आधीची स्थळं हातची गेली होती. घरात पुणं पाहिलेले एकटे आप्पाच, म्हणून वडिलांनी त्यांना मुद्दाम निपाणीहून बोलावून घेतलं होतं.

मुलाच्या आईने सुशीलेला पोळ्या येतात का म्हणून विचारलं. येतात, पण सणालाच करतो, असं तिने खरं ते सांगितलं. मग बाईंनी चटण्यांचं विचारलं.

"चटणी वर्सातनं एकदाच," सुशीला म्हणाली.

आमच्याकडे चटणी म्हणजे उन्हाळ्यात कांडून वर्षभर पुरवायचं मसाल्याचं लाल तिखट. बाईंना ते कुठून ठाऊक असणार? त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग रोज भाकरीबरोबर खाता तरी काय, असं त्यांनी जरा काळजीनेच विचारलं. सुशीला म्हणाली, कोरड्यास. आता कोरड्यास म्हणजे चांगली पातळ रस्साभाजी. पण बाईंच्या कानांनी त्यातलं 'कोरडं' तेवढंच टिपलं. आई दाराआडून खुणा करत होती, त्या कुणालाच कळत नव्हत्या.

तेव्हा आप्पा सरसावले. तुमची पोळी ती हिची चपाती, हिची पोळी ती तुमची पुरणपोळी, तुमचं तिखट ती हिची चटणी, इथवर सगळं सरळ होतं. पण मग ते भरात आले. तुमच्या ओल्या मिरच्यांच्या चटणीला आम्ही रंजका म्हणतो, असं म्हणत ते चिकोडीला पोचले, तिथून शिराळ्याच्या वाटेने वेंगुर्ल्याला उतरले. शेवटी मुलाच्या वडिलांनी अगदी नम्रपणे विचारलं, की मुलगी नक्की कुठली आहे?

आप्पांनी सुशीलेकडे पाहिलं. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन उकरत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"पाव्हणं, मी लई बोललो," ते हळू आवाजात म्हणाले. "नावं ऱ्हाऊ द्या. पानावर बसा."

स्वयंपाक सुशीलेनेच केला होता. ती वाढत होती, मंडळी जेवत होती, आणि कुठल्याच पदार्थाचं नाव कुणी घेत नव्हतं. रश्श्याची वाटी संपल्यावर मुलाच्या आईने बोट दाखवायला हात उचलला, तोवर सुशीलेची पळी वाटीवर आलेली होती. निघताना बाईंनी माझ्या आईचे दोन्ही हात धरले आणि पोरगी आम्हाला द्या म्हणाल्या.

लग्नानंतर सुशीला पहिल्यांदा माहेरी आली ती दिवाळीला. जेवताना तिने आईकडे पोळी मागितली आणि बोट दाखवलं चपातीच्या डब्याकडे. आम्ही पोट धरधरून हसलो. तीही हसली, पण मग कानकोंडी होऊन खाली पाहत जेवू लागली. आप्पा तिला भेटायला निपाणीहून आले होते. एकटे ते मात्र हसले नाहीत.

आप्पांची आई ते लहान असतानाच गेली होती. पुढे ज्याच्या घरी राहावं त्याच्या घरच्या शब्दात त्यांना मागून खावं लागे, आणि शब्द चुकला की सगळी पंगत हसायची. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या मनात कधी आलंच नव्हतं, इतकंच.

जेवणं झाल्यावर त्यांनी सुशीलेला बाहेरच्या सोप्यात जवळ बसवून घेतलं.

"तिथं मागून खावं लागतं का गं?"

"न्हाय, आप्पा. मी मागायच्या आधीच सासूबाई वाढत्यात."

आप्पा बराच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"मग पोळीला काय बी म्हण, पोरी," ते म्हणाले.