बापूंचा पंधरा मिनिटांचा समुद्र

निवृत्त माणसं एका गाडीत बसवली की किस्से आपोआप साठतात, पत्र्यावर पाचोळा साठतो तसे. कुणी झाडत नाही, म्हणून ढीग होतो.

आमच्या गाडीत पाच जण. मी, माने आणि बापू महाडच्या एकाच सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बापूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. आणि वरंधचा ड्रायव्हर किसन. बापूंची सगळी नोकरी दाखल्यांच्या खिडकीत गेली. आता सहलींचे प्रमुख तेच. खिशात स्थळांची यादी, प्रत्येक स्थळाला पंधरा मिनिटं. बघून झालं की टिक करायची आणि म्हणायचं, "निकाली!"

वहिनींचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. जिल्ह्याला एवढा किनारा, पण त्यांच्या वाट्याला समुद्र आला तो चालत्या गाडीच्या काचेतून. एकदा पोटभर समुद्राकाठी बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते बापूंच्या यादीत बसत नव्हतं.

*

सवच्या गरम पाण्याच्या कुंडात मानेंनी पाय बुडवला आणि दचकून बाहेर काढला. पाणी फार गरम आहे, अशी त्यांची तक्रार.

किसन म्हणाला, "काका, गार पाणी घरी पण हाय की."

*

रायगडावर रोपवेने गेलो. गाईडने राज्याभिषेकापासून सुरुवात करताच बापूंनी त्याला थांबवलं. मधलं सगळं आम्ही वाचलेलं आहे, थेट शेवट सांगा, म्हणाले.

गाईडने एकदा आमच्याकडे बघितलं. "शेवटी खाली उतरायचं, काका."

बापूंनी टिक केली.

*

दिवेआगरला वहिनींनी चपला काढल्या, पदर खोचला आणि पाण्यापर्यंत पोचल्या, तोच गाडीचा हॉर्न वाजला. पंधरापैकी नऊ मिनिटं नारळपाण्यात गेली होती. त्यानंतर महाड येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

बापू आम्हाला म्हणाले, "बघा, किती समाधानी आहे!"

*

हरिहरेश्वराची रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं, आणि निघताना पुन्हा काळभैरवाचं. बापूंनी काळभैरवासमोर लागोपाठ दोन नमस्कार घातले.

गुरुजींना ते दिसलं. परत यावं लागतं, असं ते समजुतीने सांगू लागले.

"परतीचा पण करून टाकला," बापू म्हणाले.

*

त्याच दिवशीची गोष्ट. देवळातून आम्ही बाहेर आलो तर वहिनी गाडीपाशी नव्हत्या. चपला तेवढ्या सीटखाली होत्या. वहिनी खाली वाळूत मांडी घालून बसल्या होत्या, पाणी पायाशी येऊन परत जात होतं.

बापूंनी किसनला हॉर्न वाजवायला लावला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. किनाऱ्यावरची कुत्री उठली, वहिनी उठल्या नाहीत.

शेवटी बापू स्वतः निघाले. बुटात वाळू जात होती, हातात यादी होती. यादीत नसलेलं काहीतरी बघायला मिळेल म्हणून मी आणि माने मागोमाग गेलो.

बापूंनी घड्याळ दाखवलं. पंधराची वीस मिनिटं झाली, पुढे श्रीवर्धन राहिलंय, गाडी उभी आहे, मंडळी खोळंबलीत, असं सगळं क्रमाने सांगितलं. वहिनी समुद्राकडेच बघत होत्या.

बापूंचा आवाज जरा खाली आला. "अगं, निघायचं ना?"

वहिनींनी मान वळवली नाही.

"आज होणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या या."